चिखलाचं गाव कोणतं?

श्रोतेहो, नमस्कार.

एसटीत शेजारी कुणी बसलं की आपला पहिला प्रश्न ठरलेला: 'गाव कोणतं?' अरबी समुद्राच्या तळाशी बसलेल्या चिखलालाही हेच विचारता येतं. गंमत म्हणजे, तो उत्तर देतो.

अकोला-बुलढाण्याकडची काळी रानं उन्हाळ्यात पाहिलीत? हात जाईल एवढ्या भेगा. पाऊस पडला की तीच माती फुगते आणि भेगा बुजतात. ही करामत स्मेक्टाइट नावाच्या खनिजाची. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्हा पसरला, त्याचा काळा पाषाण झाला. पाषाणाचा मुरूम, मुरमाची माती, आणि त्या मातीत हे खनिज. वहीच्या पानांसारखे त्याचे थर असतात, पानांमध्ये पाणी शिरलं की वही फुगते. पावसाळ्यात ही माती पूर्णेतून तापीत येते आणि सुरतेजवळ समुद्राला मिळते.

तिथे तिला शेजारी भेटतात. सिंधू नदी हिमालयातून इलाइट आणि क्लोराइट ही मातीतली खनिजं आणते. इलाइट म्हणजे अभ्रकाचं भावंडच. कोकण, गोवा, केरळातल्या जांभ्याकडून केओलिनाइट येतं, तीच आपल्या कपबशीची चिनी माती. धो धो पाऊस दगडातलं बाकी सगळं धुऊन नेतो, तेव्हा ते उरतं. पॅलिगोर्स्काइट या खनिजाची तऱ्हा निराळी. ते नदीतून येतच नाही, अरबस्तानच्या वाळवंटातून वाऱ्यावर बसून येतं.

यातला एकेक कण 2 मायक्रॉनहून, म्हणजे मिलिमीटरच्या दोन हजारांश भागाहून लहान. एकटाच निघाला तर 4 किलोमीटर खोल तळ गाठायला त्याला तीसेक वर्षं सहज लागतील. पण खाऱ्या पाण्यात कण एकमेकांना चिकटतात. शिवाय पाण्यातले बारीक जीव ते गिळतात आणि त्यांच्या लेंड्यांतून माती झपाट्याने खाली जाते. किळस वाटली तरी टपाल वेळेवर पोचतं ते असं!

आता ओळखपरेड. मातीचा पातळ थर काचेवर वाळवून क्ष-किरण सोडतात. मग तिला ग्लायकॉल पाजतात, गाडीच्या रेडिएटरमध्ये घालतात तेच. स्मेक्टाइटच्या थरांमधलं अंतर 14-15 अँगस्ट्रॉमवरून 17वर जातं (अँगस्ट्रॉम म्हणजे मिलिमीटरचा एक कोटीवा भाग). इलाइट मात्र 10वर ढिम्म! भेगाळलेलं रान पावसात जे करतं, तेच काचेवर घडतं. मला ही परीक्षा फार आवडते.

पण घाईने निकाल देऊ नये. केओलिनाइट जड पाहुण्यासारखं किनाऱ्याजवळच बसतं, स्मेक्टाइट दूरवर वाहत जातं. त्यामुळे एखाद्या जागी काळी माती जास्त सापडली म्हणजे त्या काळी दख्खनात पाऊस जास्त होता, असं लगेच म्हणता येत नाही. 2015 साली 'जॉइडिस रिझोल्यूशन' जहाजाने अरबी समुद्राच्या तळावरच्या लक्ष्मी खोऱ्यात साडेतीन किलोमीटरहून खोल पाण्याखाली तळ खोदला. तिथल्या गाळातही सिंधूचं किती आणि आपल्या नद्यांचं किती, याचा हिशेब असाच जपून मांडावा लागतो.

यापुढच्या थरांत एक फरक पडणार आहे. 1972 साली तापीवर उकाई धरण पूर्ण झालं. तेव्हापासून वऱ्हाडातून निघालेली बरीचशी काळी माती समुद्रापर्यंत जात नाही, जलाशयातच बसते.

नमस्कार.