कागदावरचं नाव आणि कागदावरचं लिंग

नमस्कार श्रोतेहो. मी नाशिकच्या जिल्हा न्यायालयात वकिली करते. सीबीएसजवळ, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकाजवळ, कोर्टाच्या आवारात टायपिंगवाल्यांच्या टेबलांपाशी घटकाभर उभं राहिलं, तरी 'नावात बदल आहे, काय करावं लागेल?' हे ऐकू येतंच. लग्न झालेल्या मुली येतात, घटस्फोटानंतर माहेरचं आडनाव परत लावणाऱ्या येतात, अंकशास्त्र बघून स्पेलिंगमध्ये एक ए वाढवणारेही येतात. आणि आता पारलिंगी, म्हणजे ट्रान्सजेंडर, मुलंमुलीही येतात. त्यांना नाव बदलायचं असतं आणि लिंगाची नोंदही. आज बोलणार आहे ते त्यांच्या कामाबद्दल.

आधी एक घोळ निस्तरू. नाव आणि लिंग ही दोन कामं, दोन वेगळ्या दारांची. नुसतं नाव बदलायचं तर आपले सरकार पोर्टलवर अर्ज करायचा, म्हणजे महाराष्ट्र शासनाच्या राजपत्रात सूचना छापून येते. जुनं नाव, नवं नाव, पत्ता. एवढ्याशा त्या मजकुराची छापील प्रत पुढे जन्मभर लागते, म्हणून तिची पीडीएफ दोन-तीन ठिकाणी जपून ठेवा.

लिंगाच्या नोंदीचं दार जिल्हाधिकाऱ्यांचं. 15 एप्रिल 2014 ला सर्वोच्च न्यायालयानं 'नाल्सा' म्हणजे राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाच्या खटल्यात सांगितलं की आपलं लिंग काय हे माणूस स्वतः ठरवेल, त्यासाठी शस्त्रक्रियेची अट घालता येणार नाही. त्यानंतर 2019 चा पारलिंगी व्यक्ती हक्क संरक्षण कायदा आला, 2020 चे नियम आले आणि राष्ट्रीय पोर्टलही सुरू झालं. 2019 च्या मूळ कायद्यानं आखलेली वाट अशी होती: शपथपत्र जोडून अर्ज करायचा, जिल्हाधिकारी 'ट्रान्सजेंडर' असं ओळख प्रमाणपत्र देणार. 'स्त्री' किंवा 'पुरुष' अशीच नोंद हवी असेल तर मात्र शस्त्रक्रियेचा वैद्यकीय दाखला आणून सुधारित प्रमाणपत्र घ्यायचं. न्यायालयानं जी अट नको म्हटलं, ती कायद्यानं मागल्या दारानं आत घेतली. मला हे पटलेलं नाही आणि ते मी कोर्टाबाहेरही बोलते. या कायद्यात आणि नियमांत बदल होत असतात, त्यामुळे कुणा मैत्रिणीनं पूर्वी केलं तसंच करायला जाऊ नका. अर्ज भरायच्या दिवशी पोर्टलवर जे नियम असतील ते वाचा.

आता आपल्याकडची खास अडचण. त्या कायद्यात हक्क दिलाय तो पहिलं नाव बदलण्याचा. पण मराठी माणसाचं नाव तीन मजली: स्वतःचं, वडिलांचं, आडनाव. घरातून हाकलून दिलेल्या मुलीला मधलं नाव नको असतं. ज्या बापानं दार लावून घेतलं, त्याचं नाव दर फॉर्मवर कशाला? मग काम वाढतं. मधल्या नावासाठी राजपत्र, पहिल्या नावासाठी प्रमाणपत्र, आणि दोन्हींवर नवं नाव अक्षरशः सारखं हवं. माझ्या टेबलावर एक शपथपत्र आलं होतं, त्यात नव्या नावाचा शेवट एका ओळीत दीर्घ, दुसऱ्या ओळीत ऱ्हस्व आणि इंग्रजी स्पेलिंग तिसरंच. टायपिंगवाल्याला घाई होती आणि मुलगी आनंदात होती; वाचणार कोण? सही करण्याआधी प्रत्येक ठिकाणचं नाव बोट ठेवून वाचा. (जाता जाता सांगते, 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आईचंही नाव लागतंय. म्हणजे पुढच्या पिढीला चार मजले.)

कागद मिळाले की आधारला घाई करू नका. आधारमध्ये नाव जन्मात दोनदाच बदलता येतं, लिंग एकदाच. चुकीचं स्पेलिंग गेलं तर एक संधी फुकट. आधार नीट झालं की पॅन. पूर्वी आधारवर 'ट्रान्सजेंडर' लिहिता यायचं पण पॅनच्या फॉर्मवर तो रकानाच नव्हता, त्यामुळे दोन्ही जोडले जायचे नाहीत. 2018 मध्ये तो रकाना आला. जिल्हाधिकाऱ्यांचं प्रमाणपत्र पॅनसाठी चालेल, असंही केंद्रानं 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयात मान्य केलं आहे.

खरा दम निघतो तो हद्दींमध्ये. समजा जन्म धुळ्याचा, दहावी नाशिक विभागीय मंडळाची, पदवी पुण्याच्या विद्यापीठाची, नोकरी बंगळुरूला. जन्मनोंद जिथं जन्म तिथलंच निबंधक कार्यालय दुरुस्त करणार, नाशिक महापालिका नाही. शाळेच्या जनरल रजिस्टरला हात लावायला मुख्याध्यापक कचरतात. अशा वेळी तोंडी वाद घालू नका. लेखी अर्ज द्या, पोच घ्या, नकार असेल तर तोही लेखी मागा. निम्मे नकार 'लिहून द्या' म्हटल्यावरच विरघळतात.

परदेशी जायचं तर हद्द आणखी रुंद होते. भारतीय पासपोर्टची पुस्तिका छापते ती आपल्या नाशिकरोडची इंडिया सिक्युरिटी प्रेस. पण तिच्यावरची नोंद दुसऱ्या देशात कशी धरली जाईल, ते तो देश ठरवतो. अर्जेंटिनानं 2012 मध्येच डॉक्टर आणि न्यायाधीश दोघांनाही बाजूला सारून स्वतःच्या घोषणेवर नोंद बदलून दिली. जर्मनीत 1 नोव्हेंबर 2024 पासून नोंदणी कार्यालयात घोषणा पुरते, आणि काही प्रकारचे वास्तव्य परवाने असलेल्या परदेशी नागरिकांनाही ती करता येते. पण तिथं नोंद बदलली म्हणून हातातला भारतीय पासपोर्ट आपोआप बदलत नाही. ब्रिटनमध्ये नाव 'डीड पोल'च्या एका कागदावर बदलतं, लिंगासाठी मात्र 2004 च्या कायद्यानुसार समितीपुढे पुरावे ठेवावे लागतात. जपानमध्ये प्रजननक्षमता काढून टाकण्याची अट 2023 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं घटनाबाह्य ठरवली. उलट हंगेरीनं 2020 मध्ये हे दारच बंद केलं. अमेरिकेत 2022 मध्ये पासपोर्टवर स्त्री-पुरुष यांऐवजी 'एक्स' लिहून मिळू लागलं आणि जानेवारी 2025 मधल्या राष्ट्राध्यक्षांच्या आदेशानंतर ते थांबलं. तिथं जन्मदाखल्याचे नियमही राज्याराज्यांत वेगळे.

म्हणून प्रवेशपत्र किंवा नोकरीचं पत्र यायच्या आधी पासपोर्ट करून घ्या. व्हिसा, विमानाचं तिकीट, विद्यापीठातली नोंद, सगळं पासपोर्टवरच्या नावानं चालतं. मध्येच नाव बदललं तर जुन्या पासपोर्टमधला व्हिसा आणि नवा पासपोर्ट यांचा मेळ घालत बसावं लागतं.

आणि एक गोष्ट हमखास राहते. स्वतःचे कागद सगळे बदलून होतात, पण आईच्या एलआयसी पॉलिसीत, वडिलांच्या बँक खात्यावर, सोसायटीच्या नॉमिनेशनमध्ये नॉमिनी म्हणून तुमचं जुनंच नाव असतं. ते कागद तुमचे नाहीत, तुम्हाला बदलता येत नाहीत. ज्याचं खातं त्यानंच फॉर्म भरायचा. घरी बोलणं चालू असेल तर या आठवड्यातच विषय काढा. बोलणं बंद असेल तर मावशी, आत्या, थोरला भाऊ, जो कुणी मध्ये पडेल त्याच्याकरवी निरोप द्या आणि राजपत्राची एक प्रत सोबत पाठवा. नमस्कार.