नवाचे अठ्ठ्याहत्तर कसे झाले

नमस्कार श्रोतेहो.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गाने जाताना आपण ‘लोणावळ्याला उतरा’ किंवा ‘तळेगावला बाहेर पडा’ असे सांगतो आणि ऐकणाऱ्याला तेवढ्या नावाने भागते. अमेरिकेतल्या महामार्गांवर मात्र बाहेर पडण्याच्या प्रत्येक वाटेला, म्हणजे एक्झिटला, क्रमांक असतो आणि पत्ता सांगताना गावाच्या नावाआधी तो क्रमांक तोंडी येतो. हे क्रमांक देण्याच्या दोन रीती आहेत. एक, पहिल्या एक्झिटला 1, पुढच्याला 2, अशी ओळीने मोजणी. आणि दुसरी, राज्याच्या पश्चिम किंवा दक्षिण सीमेपासून जितका मैल झाला असेल तोच एक्झिटचा क्रमांक. ईशान्येकडच्या राज्यांनी पहिली रीत फार काळ जपली. वाहतूक चिन्हांच्या राष्ट्रीय नियमपुस्तिकेच्या 2009 सालच्या आवृत्तीने मात्र मैलांची रीत सक्तीची केली आणि मॅसॅच्युसेट्स राज्याने 2020च्या ऑक्टोबरपासून आपल्या पाट्या बदलायला घेतल्या.

हा बदल योग्यच होता, असे माझे ठाम मत आहे आणि त्यामागे माझा स्वतःचा अनुभव आहे. याच राज्यातल्या बॉस्टनहून पश्चिमेला जाणाऱ्या टर्नपाइकवर, म्हणजे टोल घेणाऱ्या महामार्गावर, ज्याला तिथले लोक नुसते ‘पाइक’ म्हणतात, वेस्टफील्डचा एक्झिट पूर्वी तिसरा होता आणि त्याच्या पुढचा, ली गावचा, दुसरा. एका हिवाळ्यात संध्याकाळी बर्फ भुरभुरत असताना माझ्या हातून वेस्टफील्डचा फाटा चुकला. तीननंतर दोन येणार, तिथून वळून परत येऊ, असा विचार करून मी निश्चिंत मनाने पुढे गेलो. तो ‘दोन’ तीस मैलांवर होता. मध्ये ब्लँडफर्डला पेट्रोल भरण्याचा थांबा आहे, पण रस्ता सोडण्याची वाट नाही. आणि बर्कशायरच्या डोंगरांत हाच रस्ता बेकेट गावाजवळ 1,724 फुटांच्या उंचीवर चढतो. काळोखात, बर्फात, मागच्या आसनावर मुले झोपलेली असताना ते तीस मैल मला फार लांब वाटले. आज त्याच दोन पाट्यांवर 41 आणि 10 हे आकडे आहेत. ते त्या दिवशी माझ्या डोळ्यांसमोर असते, तर पुढे काय वाढून ठेवले आहे हे मला फाटा चुकला त्याच क्षणी कळले असते.

ओळीने दिलेल्या क्रमांकांची दुसरी अडचण अशी की, मध्ये नवा एक्झिट बांधला तर त्याला द्यायला आकडाच शिल्लक नसतो. मग 10 आणि 11 यांच्यामध्ये ‘10 ए’ येतो, 11 आणि 12 यांच्यामध्ये ‘11 ए’ येतो, आणि अनोळखी चालकाला ते अक्षर कशासाठी आहे हे उमगत नाही. मैलांच्या मोजणीत ही जागा आपोआप मोकळी राहते. एकाच मैलात दोन एक्झिट आले, तरच अक्षरे जोडावी लागतात. शिवाय रस्त्याकडेच्या मैलदर्शक पाट्या आणि एक्झिटचे क्रमांक एकाच मापाचे झाल्यामुळे, गाडी बंद पडलेल्या माणसाने फोनवर एक आकडा सांगितला तरी मदतीला येणाऱ्यांना त्याचे ठिकाण कळते.

विरोध करणाऱ्यांचे म्हणणे मात्र झटकून टाकण्यासारखे नव्हते. केप कॉड या किनारी भागातल्या लोकांनी इतका जोरदार आक्षेप घेतला की ही योजना 2016 साली काही वर्षे बाजूला ठेवावी लागली. सॅगमोर पूल ओलांडला की पहिला एक्झिट, हायॅनिसला जायचे तर सहावा, ही मोजणी त्यांच्या घराघरांत मुरलेली होती. मैल मोजायचे ते पार ऱ्होड आयलंडच्या सीमेपासून, म्हणून त्यांचा पहिलाच एक्झिट 55 झाला आणि सहावा 68. आपल्या दारातला आकडा कुठल्या तरी दूरच्या सीमेवरून ठरावा, याचे वाईट वाटणे मी समजू शकतो. तरीही 68मधून 55 वजा करून पाहा: पुलापासून हायॅनिसपर्यंतचे तेरा मैल हातात येतात, आणि जुना सहा हा आकडा ते कधीच सांगत नव्हता. शेजारच्या व्हर्माँटने जुने क्रमांक तसेच ठेवून मैलांच्या पाट्या सोबत लावल्या. ती तडजोड मला पटत नाही, कारण एका वाटेला दोन आकडे असले की सांगणारा एक सांगतो आणि ऐकणारा दुसरा शोधतो.

मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात त्या न्यू जर्सीत तर दोन्ही रीती शेजारी शेजारी नांदतात. टर्नपाइकवर अजून ओळीने क्रमांक आहेत, त्यातच ‘8 ए’ आणि ‘15 डब्ल्यू’ अशी भर पडलेली आहे. गार्डन स्टेट पार्कवेवर मात्र मैलांचे क्रमांक आहेत. वुडब्रिजला हे दोन रस्ते एकमेकांना मिळतात, आणि त्या मिळण्याच्या जागेला एका रस्त्यावर 11 म्हणतात, तर दुसऱ्यावर 129.

बॉस्टनहून न्यू जर्सीला निघालेली आपली मंडळी पाइक सोडतात ती बहुधा स्टरब्रिजला. जुना नववा एक्झिट तो हाच. त्याचा क्रमांक आता 78 आहे. हिरव्या पाटीजवळ ‘जुना एक्झिट 9’ असे लिहिलेली छोटी पिवळी पाटी सवय होईपर्यंत लावली होती, आणि तेवढी काळजी घेणे आवश्यकच होते. आता हॉपकिन्टनचा 106 मागे पडला की मागून मुले विचारतात, ‘बाबा, अजून किती?’, आणि मी त्यांनाच वजाबाकी करायला सांगतो.