सुंभ आणि पीळ

(दृश्य: पहाटेची टपरी. खांबाला सुतळीने बांधलेला लायटर हेलकावे खातोय.)

पूर्वी या खांबाला सुंभ टांगलेला असायचा. दिवसभर धुमसायचा. येणारा वाकायचा, टोकाला सिगारेट लावायचा आणि झुरका घेत निघायचा. आता लायटर आलाय. वाकणं तेच आहे. सुट्टी सिगारेट विकायला महाराष्ट्रात २०२० पासून बंदी आहे, पण इथे पाकीट सर्रास फुटतं.

समोर रिक्षा स्टँड. हे रिक्षावाले काका वीस वर्षं सिगारेट ओढत होते. आता सोडलीय. नाव सांगू नका म्हणाले. "उद्या परत ओढली, तर स्टँडवर माझी पार चेष्टा करतील."

भीती खोटी नाही. याआधी त्यांनी तीनदा सोडली होती. एकदा संकष्टीला, एकदा १ जानेवारीला, एकदा बायकोने शपथ घातली म्हणून. तिन्ही वेळा तिसऱ्या दिवशी हात पाकिटाकडे गेला. निकोटिन दोन-तीन दिवसांत शरीरातून जवळपास निघून जातं आणि नेमकी तेव्हाच चिडचिड टोकाला पोचते. काकांना वाटलं, हे वाढतच जाणार. खरं तर तिथून उतार लागणार होता.

म्हणजे सुंभ जळायला तीन दिवस पुरतात. पीळ निघत नाही, आणि काकांचा पीळ होता चहात.

(दृश्य: सीएनजीच्या पावत्या. पाठीवर पेनाने लिहिलेलं.)

चौथ्या वेळी त्यांनी आधी आठवडाभर नुसतं लिहून काढलं. "पावणेसहा, चहा. साडेनऊ, भाडं नाही. बारा, सिग्नलला भांडण." दिवसाच्या १४ पैकी ९ सिगारेटी चहाबरोबरच्या निघाल्या. मग टपरी सुटली. घरून थर्मास येऊ लागला. चहा मागच्या सीटवर बसून, एकट्याने.

डॉक्टरांनी विचारलं, उठल्यावर पहिली सिगारेट किती वेळाने? अर्ध्या तासाच्या आतच, म्हणून ४ मिलिग्रॅमचं निकोटिन गम दिलं. पहिल्याच दिवशी काकांनी ते पानासारखं कचाकचा चघळलं आणि उचक्या लागल्या. हळू चावायचं. मिरीसारखं चुरचुरलं की गाल आणि हिरडीच्या मधे ठेवून गप्प बसायचं. चुरचुर गेली की पुन्हा चावायचं. असं अर्धा तास. आणि आधीची पंधरा मिनिटं चहा-कॉफी नाही, कारण त्याने तोंडातलं आम्ल वाढतं आणि निकोटिन नीट शोषलं जात नाही. बघा, इथेही चहा आडवा आलाच.

(दृश्य: काका रिक्षाची काच पुसताना.)

एकेक तलफ चार-पाच मिनिटांची असते. तेवढ्या वेळात काच पुसून होते. सध्या स्टँडवर सर्वांत लख्ख काच यांचीच आहे.

तंबाखू सोडायला मदत करणारा १८००-११-२३५६ हा मोफत नंबर पाकिटावरच छापलेला असतो. मराठीतूनही बोलता येतं. काकांनी तो वीस वर्षांत कधी वाचला नव्हता, असं ते म्हणाले. छापायला लागून इतकी वर्षं झालीही नाहीत, ते सोडून द्या. फोन केला तो तेविसाव्या दिवशी, भाच्याच्या हळदीत एक ओढल्यावर. पलीकडून ओरडा मिळेल असं वाटलं होतं. पलीकडच्या बाईंनी एवढंच विचारलं, "तेव्हा हातात काय होतं?"

"चहा."

(दृश्य: पावतीची पाठ. "रविवार, हळद, एक.")

सोमवारी पावणेसहाला थर्मास मागच्या सीटवर होता.