बारा तासांची पाळी आणि एक वाचनालय

नमस्कार, श्रोतेहो.

अमेरिकेत पिट्सबर्गजवळ होमस्टेड नावाचा भाग आहे. तिथल्या पोलाद कारखान्याशेजारी १८९८ साली एक देखणं वाचनालय उघडलं. पुस्तकं होतीच, शिवाय संगीताचं सभागृह आणि पोहण्याचा तलावसुद्धा. पैसे दिले होते कारखान्याचे मालक अँड्र्यू कार्नेगी यांनी. त्याच्या सहाच वर्षं आधी, जुलै १८९२ मध्ये, याच कारखान्यात मजुरीच्या कपातीवरून भडका उडाला होता. व्यवस्थापनाने सुमारे ३०० भाडोत्री हत्यारबंद माणसं नदीमार्गे आणली. काठावर गोळ्या झडल्या, दोन्हीकडची माणसं मेली आणि अखेर कामगारांची संघटना मोडली. मालक तेव्हा स्कॉटलंडमध्ये होते.

अफाट खासगी संपत्ती न्याय्य आहे का, ती समाजाच्या उपयोगी पडते का, असं कुणी विचारलं की मला हे वाचनालय आठवतं. कारण कार्नेगी ढोंगी नव्हते. विणकराचा मुलगा, तेराव्या वर्षी कापडगिरणीत कामाला लागलेला. एका गृहस्थाने आपली पुस्तकं कामकरी पोरांसाठी खुली केली आणि या पोराला वाचनाची गोडी लागली. पुढे त्याने अडीच हजारांवर वाचनालयं उभारली आणि बहुतेक संपत्ती हयातीतच देऊन टाकली. श्रीमंत म्हणून मरणं ही नामुष्की आहे, असं त्यांनी १८८९ मध्ये लिहिलं होतं. त्याच लेखात त्यांनी वारशावर जबर कर लावायचीही भलामण केली होती. आजचे धनवंत त्यांचं नाव घेताना एवढा भाग मात्र गाळतात.

पण त्या लेखात आणखी एक मुद्दा आहे, आणि माझं भांडण त्याच्याशी आहे. हा पैसा थोडाथोडा करून सगळ्यांच्या हातात पडला तर तो उधळला जाईल. त्यापेक्षा एका कर्तबगार माणसाने तो सर्वांच्या वतीने वापरावा, हे बरं. म्हणजे मजुरी वाढवण्यापेक्षा वाचनालय बरं. आता वाचनालय चांगलंच असतं हो. पण वाचनालय हवं, की पाळी दोन तासांनी कमी व्हायला हवी, हे भट्टीपुढे बारा तास उभ्या असणाऱ्याला कुणी विचारलं होतं?

दुसरी बाजूही वजनदार आहे. विल्यम नॉर्डहाऊस या अर्थशास्त्रज्ञाने १९४८ ते २००१ या काळातल्या अमेरिकी अर्थव्यवस्थेचा हिशेब मांडला. नव्या शोधांतून समाजाला जो लाभ झाला, त्यातला जेमतेम दोन टक्के वाटा शोध बाजारात आणणाऱ्यांच्या पदरी पडला, असं त्यात निघालं. उरलेला सगळा तुमच्याआमच्याकडे आला, स्वस्त आणि चांगल्या वस्तूंच्या रूपाने. मग त्यांच्या दोन टक्क्यांवर आपण का जळावं? मुद्दा खरा आहे. एकाने कमावलं म्हणजे दुसऱ्याचं हिरावलंच, असं मानणाऱ्यांनी तो पचवायला हवा.

मात्र हा हिशेब शोधांचा आहे. वारशाने आलेली इस्टेट, मोक्याची जमीन, मक्तेदारी यांतून साठलेला पैसा त्यात बसत नाही. आणि मोठं आमिष नसेल तर माणसं काही नवं करणारच नाहीत, हेही त्यातून सिद्ध होत नाही. इन्सुलिनचं पेटंट बँटिंग, बेस्ट आणि कॉलिप या संशोधकांनी १९२३ मध्ये टोरंटो विद्यापीठाला प्रत्येकी १ डॉलरला दिलं. वर्ल्ड वाइड वेब जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत जन्मलं आणि ३० एप्रिल १९९३ रोजी संस्थेने ते सर्वांना फुकट खुलं केलं. त्या पायावर पुढे कितीतरी जण अब्जाधीश झाले. त्यांनी कष्ट केले नाहीत असं मी म्हणत नाही, पण पाया त्यांनी खणला नव्हता.

आणि अब्जावधी म्हणजे तिजोरीतल्या नोटा नव्हेत. ते बहुतेक कंपन्यांचे शेअर असतात. किंमत वाढली तरी विकेपर्यंत सहसा कर नाही. खर्चाला पैसा लागला तर तेच शेअर तारण ठेवून कर्ज मिळतं. पैशाकडे पैसा जातो म्हणतात, तो असा जातो. एका मर्यादेपुढे माणूस तो खर्च करूच शकत नाही. मग त्यातून वर्तमानपत्रं घेतली जातात, निवडणुकांना देणग्या जातात, कुठल्या रोगावर संशोधन व्हावं हे ठरतं. आलिशान बोटी घ्याव्यात खुशाल, माझी ना नाही. मला खटकतो तो हा न निवडलेला कारभार. म्हणून कार्नेगींचाच वारसा कर मला त्यांच्या देणग्यांपेक्षा जवळचा वाटतो. त्या पैशाचं काय करायचं यावर निदान चारचौघांत भांडता येतं.

होमस्टेडचं वाचनालय आजही उभं आहे. तिथल्या पोलाद कारखान्यांतली बारा तासांची पाळी बंद होऊ लागली ती १९२३ मध्ये, लोकमताच्या आणि सरकारच्या दबावामुळे. तोवर कार्नेगींना जाऊन चार वर्षं झाली होती, आणि वाचनालय उघडून पंचवीस.

नमस्कार.