झांजांची बॅग: मुंबई-पुण्यातल्या मेटल आणि पंक गिग्सचं एक वर्ष

(किल्ल्यांचा जुडगा कॅमेऱ्याजवळ धरून)

नमस्कार मंडळी. ही बघा, किल्ल्यांना लटकवलेली इवलीशी डबी. आईला वाटतं हिच्यात हिंगाच्या गोळ्या आहेत. नाहीत. कानात घालायचे रबरी बोळे आहेत. २०२५ च्या जानेवारीत माझ्याकडे हे नव्हते, म्हणून पहिल्याच गिगनंतर (गिग म्हणजे बँडचा छोटा कार्यक्रम) दोन दिवस माझ्या कानात कुकर शिटी द्यायला आलाय पण देत नाहीये, असा एक बारीक आवाज चालू होता. ऑफिसात फोनवर मी तीनतीनदा "काय म्हणालात?" विचारत होतो. कानाच्या डॉक्टरांनी तपासलं आणि विचारलं, "दिवाळीत कानाजवळ बॉम्ब फुटला का?" मी म्हटलं, नाही हो, अंधेरीत ड्रमरच्या बाजूला उभा होतो.

तर मी काय केलं ते सांगतो. वर्षभर फक्त इथल्या बँडच्या गिग्सना जायचं ठरवलं. मेटल किंवा पंक, बस. परदेशी पाहुणे नकोत, स्टेडियम नको, रेसकोर्स नको. आणि प्रत्येक गिगची नोंद या वहीत. (वही दाखवत) एकूण सव्वीस झाल्या. मार्चमध्ये अमेरिकेचा ग्रीन डे हा बँड महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर आला, मी गेलो नाही. मेमध्ये तिथंच गन्स अँड रोझेस आले, तेव्हाही गेलो नाही. अभिमानानं सांगतोय असं वाटेल, पण त्या रात्री मी घरी बसून मित्रांनी टाकलेले हलणारे व्हिडिओ बघत होतो. खोटं कशाला बोलू.

ज्यांना या संगीतातलं काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी दोन मिनिटं. बाकीच्यांनी पुढे ढकला.

इंग्लंडमधलं बर्मिंगहॅम, कारखान्यांचं गाव. टोनी आयोमी नावाचा सतरा वर्षांचा पोरगा पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. मशीनमध्ये हात गेला आणि उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं तुटली. तो डावखुरा, म्हणजे गिटारच्या तारा दाबायचा हात तोच. त्यानं प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली. पुढं तारा थोड्या सैल लावल्या, म्हणजे दाबायला सोप्या. तारा सैल झाल्या की सूर खाली उतरतो, जड होतो. १९७० च्या फेब्रुवारीत त्याच्या ब्लॅक सॅबथ या बँडचा पहिला अल्बम आला, आणि जगभर मेटल म्हणून जे वाजतं त्याची सुरुवात बहुतेक जण तिथून मोजतात. पंक त्यानंतरचं, १९७४ ते १९७६ च्या सुमाराचं, न्यूयॉर्क आणि लंडनचं. मेटलवाला सहा महिने खोलीत कोंडून घेऊन बोटं तयार करतो. पंकवाल्याला तीन कॉर्ड, म्हणजे गिटारवरचे तीन स्वरमेळ, आले की तो शुक्रवारी गिग ठरवतो. ही माझी व्याख्या. यावरून भांडायचं असेल तर कमेंट्स आहेतच.

आता मुंबई. इथं रॉकचा विषय निघाला की चाळिशीपुढची माणसं एकच नाव घेतात, रंगभवन. धोबी तलावाजवळचं खुलं नाट्यगृह, बाजूला झेवियर्स कॉलेज. १९८६ मध्ये फरहाद वाडियांनी तिथं इंडिपेंडन्स रॉक हा रॉक बँडचा महोत्सव सुरू केला, म्हणजे आय-रॉक. दगडी पायऱ्यांवर काळे टी-शर्ट घातलेली पोरं दाटीवाटीनं बसायची. माझा थोरला चुलतभाऊ जाऊन आलाय. तो दर लग्नात ती गोष्ट सांगतो आणि दर लग्नात गर्दी वाढत जाते.

मग २००० साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले. रुग्णालय, शाळा-कॉलेज, न्यायालय यांच्याभोवती शंभर मीटर शांतता क्षेत्र. दिवसा पन्नास डेसिबल, रात्री चाळीस. आता रंगभवनच्या शेजारी काय आहे? कॉलेज आहे, कामा हॉस्पिटल आहे. तिथलं रॉक बंद पडलं. म्हणजे रंगभवनवर कुणी मुद्दाम कुऱ्हाड घातली असं नाही. ते चुकीच्या जागी उभं होतं, इतकंच. आणि हॉस्पिटलमधल्या बाळंतिणीला झोप हवी, यावर मी काय वाद घालू? पण पर्यायी जागा कुणी दिली नाही, हा माझा राग आहे. आज कॉलेजच्या पोरांना रंगभवन म्हटलं तर त्यांना २६/११ आठवतो, करकरे, कामटे आणि साळसकर जिथं गेले ती गल्ली. संगीताशी त्या नावाचा काही संबंध होता हेच पुसलं गेलंय.

मोकळ्या जागेत स्पीकर लावायचा तर रात्री दहाला बंद. वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस सरकार बारापर्यंत सूट देऊ शकतं, पण ते दिवस गणपती, नवरात्र, जयंत्या, दिवाळी, एकतीस डिसेंबर यांतच जातात. डेथ मेटलसाठी, म्हणजे मेटलच्या एका जहाल प्रकारासाठी, त्यातला एक दिवस मागायला कोण जाणार? मी जायला तयार आहे, सोबत कुणी या. तोवर हे संगीत चार भिंतींच्या आत शिरलंय. बारमध्ये, कॅफेच्या मागच्या हॉलमध्ये, गिरणीच्या आवारातल्या क्लबमध्ये, कधी सरावाच्या स्टुडिओत. शंभर-दीडशे माणसं मावतील अशा खोल्या. आणि त्या खोल्या टिकत नाहीत. लोअर परळचं ब्लू फ्रॉग २००७ ला सुरू झालं, २०१६ ला बंद. जुहूचं रॅझबेरी ऱ्हायनोसरस त्याच्या आधीच गेलं. बँड टिकतात, जागा मरतात. डेमॉनिक रेझरेक्शन २००० पासून आहेत, भयानक मौत २००३ पासून, झिग्नेमा २००६ पासून. यातल्या प्रत्येकानं आपण जिथं पहिल्यांदा वाजवलं त्या जागेवर आता काय उभं आहे याची यादी केली, तर मुंबईतल्या बांधकामाचा इतिहास लिहून होईल.

छोटी गिग चालते कशी, हे मला स्वतःला सहाव्या-सातव्या खेपेला कळलं. तिकिटावर वेळ सातची असते. सातला गेलात तर तुम्ही, बारमन आणि वायरीत अडकलेला एक माणूस, एवढेच. चार बँड असतात. ड्रमसेट आणि अॅम्प्लिफायर सगळ्यांना मिळून एकच, त्याला बॅकलाइन म्हणतात. पण स्नेअर (खणखणीत वाजणारा छोटा ड्रम), पायाचं पेडल आणि झांजा, म्हणजे सिम्बल्स, ज्याच्या त्याच्या. कारण झांजेला तडा गेला तर ती गेलीच, आणि चांगल्या झांजेची किंमत ऐकून माझ्या तोंडचं पाणी पळालं होतं. म्हणून प्रत्येक ड्रमर पाठीवर एक मोठी गोल बॅग घेऊन हिंडतो. साउंडचेक, म्हणजे गिगआधीची आवाजाची तपासणी, उलटा होतो. शेवटी वाजवणारा बँड आधी, पहिला बँड शेवटी, म्हणजे स्टेज पहिल्या बँडच्या मांडणीतच तयार राहतं. तुम्हाला सांगतो, लग्नाच्या पंगतीचं नियोजन करणाऱ्यांनी हे बघायला हवं.

आणि आता जुलै. (वही उघडून) "पंक. पाऊस. १४." एवढंच लिहिलंय.

दुपारपासून कोसळत होता. मध्य रेल्वे नेहमीसारखी कुर्ल्याला धापा टाकत होती. मी ऑफिसातून थेट निघालो होतो म्हणून पोहोचलो, डोंबिवलीहून निघालो असतो तर घाटकोपरहूनच परतलो असतो. आत गेलो तर आम्ही चौदा जण. त्यातले नऊ जण पुढं वाजवणाऱ्या बँडमधले. एक मुलगी टी-शर्ट विकायला बसलेली. म्हणजे तिकीट काढून आलेले प्रेक्षक म्हणाल तर चार, आणि त्यातला एक ड्रमरचा सख्खा भाऊ.

मला वाटलं रद्द करतील. गायकानं स्टेजवरून खाली बघितलं, माइकची वायर ओढली आणि आमच्यात येऊन उभा राहिला. बास वाजवणारी मागोमाग उतरली. ड्रमर बिचारा कुठं उतरणार, तो वर एकटाच. बावीस मिनिटांत अकरा गाणी. प्रत्येक गाण्याच्या आधी तो सांगायचा, "हे घरमालकावर आहे," "हे माझ्या आधीच्या बॉसवर आहे," "हे पण त्याच्यावरच." चौथ्या गाण्याला त्यानं माइक माझ्या तोंडासमोर धरला. मला शब्द येत नव्हते. मी नुसता ओरडलो. काय ओरडलो ते व्हिडिओत ऐकू येतं आणि तो भाग मी इथं दाखवणार नाहीये. मग दुसरा बँड वर गेला आणि पहिला खाली येऊन प्रेक्षक झाला. तिसरा गेला, दुसरा खाली. तिकीट खिडकीवर बसलेला पोरगाच शेवटच्या बँडचा गिटारिस्ट निघाला. रात्री सगळ्यांनी मिळून साउंडवाल्याचे पैसे काढले. मीही दोनशे टाकले, कुणी मागितले नव्हते.

त्या दिवसानंतर मी वहीत "प्रेक्षक किती" हा रकाना ठेवलाच नाही. कोण कुठं उभं आहे एवढंच लिहायला लागलो. फेब्रुवारीत शेजारी नाचणारा पोरगा एप्रिलमध्ये गिटारवर, मेमध्ये पोस्टरवर त्याचं चित्र, ऑगस्टमध्ये दारावर हाताला शिक्के मारतोय.

त्याच महिन्यात, २२ जुलैला, ब्लॅक सॅबथचा गायक ऑझी ऑस्बोर्न गेला. जेमतेम अडीच आठवड्यांपूर्वी, पाच तारखेला, बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्कवर त्यानं खुर्चीवर बसून शेवटचं गायलं होतं. नंतरच्या शनिवारी मी पुण्यात होतो, मुंढव्याकडच्या एका गिगला. प्रत्येक बँडनं साउंडचेकला ब्लॅक सॅबथची एक तरी रिफ, म्हणजे गिटारवरची पुन्हा पुन्हा येणारी छोटी धून, वाजवली. भाषण कुणी केलं नाही. मला ते फार आवडलं.

पुण्याला गेलो की मुक्काम कोथरूडला आत्याकडे. रात्री साडेअकराला दार वाजवलं. आत्यानं माझ्या टी-शर्टवरचा सांगाडा बघितला, मग माझा चेहरा बघितला आणि म्हणाली, "तुझं भजन उशिरा संपतं रे. आमटी गरम करू का?"

पिटविषयी सगळे विचारतात. स्टेजसमोर एकमेकांवर आदळणारी माणसं, ती भांडतायत का? नाही. पडलेल्याला उचलायचं हा पहिला आणि जवळपास एकमेव नियम. तीन हात येतात, बखोटीला धरून उभं करतात आणि तोच माणूस पुन्हा धक्का देतो. मध्येच कुणीतरी एक बूट वर धरतो, म्हणजे हा कोणाचा? मी चष्मा असा परत मिळवलाय, काचेसकट. नको असेल तर भिंतीशी उभं राहा, कुणी ओढत नाही. मात्र एक तक्रार आहे. मेटलच्या गिगला कधीकधी एखादा धिप्पाड गडी येतो, ज्याला नाचायचं नसतं, मारायचं असतं. दोनदा बघितला. एकदा गायकानं गाणं थांबवून त्याला बाहेर काढलं. एकदा सगळे गप्प बसले, मीही.

आवाजाचं गणित सांगायचं राहिलं. पंच्याऐंशी डेसिबलला आठ तास, हा कानाचा सुरक्षित हिशोब धरतात. पुढं दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. शंभराला पंधरा मिनिटं. माझ्या फोननं ड्रमजवळ १०६ दाखवले होते. फोनचा आकडा कच्चा असतो, पण तो खरा धरला तर चार मिनिटंसुद्धा नाहीत, आणि मी अडीच तास उभा होतो. कानाच्या आत ज्या सूक्ष्म केसांच्या पेशी असतात त्या एकदा गेल्या की पुन्हा येत नाहीत. कापसानं काही होत नाही. बोळे घ्या. आणि हो, ढोल पथकातल्यांनो, तुम्हीपण घ्या.

ग्राउल, म्हणजे तो खर्जातला गुरगुराट, नुसता आरडाओरडा नसतो. स्वरतंतूंच्या वर मांसल घड्या असतात, बरेच गायक त्या कंप पावतील असा श्वास पोटातून सोडायला शिकतात. घसा बसला तर समजा पद्धत चुकली. मुंबईत हे करणाऱ्यांतला जुना माणूस म्हणजे डेमॉनिक रेझरेक्शनचा साहिल माखीजा, आणि तोच माणूस यूट्यूबवर अत्यंत शांतपणे कीटोचा स्वयंपाक शिकवतो. शब्द बहुतेकांचे इंग्रजी. माझी जुनी इच्छा आहे की कुणीतरी मराठीत ग्राउल करावा. ज्या भाषेत 'ळ' आहे तिच्यात मी हे अजून ऐकलं नाही म्हणजे काय? 'जळजळ' हा एकच शब्द घेऊन पूर्ण गाणं होईल.

शेवटची गिग डिसेंबरमध्ये, लोअर परळला. संपल्यावर आम्ही तिघं करी रोडला चालत गेलो, मध्य रेल्वेवाल्यांची हीच वाट. ड्रमर कल्याणचा. त्याच्याकडे स्नेअर आणि पेडल होतं म्हणून गोल बॅग मी घेतली. वजन चांगलंच होतं. स्लो गाडी, लगेजचा डबा. समोर एक काका बसलेले, कपाळाला बुक्का, मांडीवर पिशवी. त्यांनी बॅगकडे बराच वेळ बघितलं.

"आत काय आहे?"

ड्रमर म्हणाला, "झांजा."

काकांचा चेहरा खुलला. सरकून त्यांनी आम्हाला जागा दिली.

"कुठलं मंडळ?"