सातव्या तत्त्वाचा ऐच्छिक रकाना

श्रोतेहो, नमस्कार. एखाद्या मोठ्या कंपनीचा वार्षिक अहवाल उघडला, की किती झाडे लावली आणि किती वीज वाचवली याचा तपशील सचित्र मिळतो. पण कार्बन उत्सर्जनाला लगाम घालणारा एखादा नियम आकार घेत असताना त्याच कंपनीने सरकारदरबारी काय मागितले, हे शोधू लागलो की बरीच पाने चाळावी लागतात.

शेअर बाजाराची नियामक संस्था असलेल्या सेबीने मे २०२१ मध्ये व्यवसाय जबाबदारी आणि शाश्वतता अहवालाचा नमुना ठरवून दिला आणि २०२२-२३ पासून बाजारमूल्यानुसार पहिल्या १००० सूचीबद्ध कंपन्यांना तो सक्तीचा केला. त्यातील नऊ तत्त्वांपैकी सातवे तत्त्व धोरणांवर प्रभाव टाकण्याविषयीचे आहे. कंपनी ज्या उद्योग संघटनांची सभासद आहे, त्यांतील प्रमुख दहांची नावे येथे द्यावीच लागतात. मात्र कोणत्या धोरणाचा पाठपुरावा केला, कोणत्या मार्गाने केला, ती माहिती सार्वजनिक आहे का, संचालक मंडळ तिचा आढावा किती वेळा घेते, हे रकाने ऐच्छिक आहेत. म्हणजे कोणाच्या पंक्तीला बसलात ते सांगायचे, काय वाढून घेतले ते सांगितले नाही तरी चालते.

खरी मेख या संघटनांतच आहे. कंपनी स्वतःच्या नावाने हवामानबदल रोखण्यासाठीच्या पॅरिस कराराला पाठिंबा जाहीर करते आणि मंत्रालयात मुदतवाढ मागणारे निवेदन मात्र संघटनेच्या लेटरहेडवर जाते. अमेरिकेत १९९५ च्या कायद्याने लॉबिंगची, म्हणजे सरकारी निर्णय आपल्या बाजूने वळवण्याच्या प्रयत्नांची, तिमाही नोंद द्यावी लागते. त्या नोंदीत विधेयक आणि खर्च कळतो, पण विधेयकाच्या बाजूने बोलले की विरोधात, हे लिहिण्याचे बंधन तिथेही नाही. आपल्याकडे तर लॉबिंगसाठी असा स्वतंत्र कायदाच नाही.

भागधारकांनी रेटा लावल्यावर काय होते, हे बीएचपी या खाणकंपनीच्या बाबतीत दिसले. डिसेंबर २०१७ मध्ये तिने आपल्या संघटनांची हवामानविषयक भूमिका तपासून मतभेद प्रसिद्ध केले आणि पुढच्या वर्षी जागतिक कोळसा संघटना सोडली. शेल या तेलकंपनीनेही २०१९ मध्ये १९ संघटना तपासल्या, पण त्यांतली एकच सोडली. प्रमाण किरकोळ आहे खरे, तरी उरलेल्यांशी कुठे पटत नाही हे तिला छापावे लागले.

ज्या श्रोत्यांकडे शेअर असतील, त्यांनी यंदाच्या सर्वसाधारण सभेपूर्वी सातव्या तत्त्वाचे पान काढावे आणि त्या दहा संघटनांनी गेल्या वर्षात सरकारला काय लिहिले, हे संचालकांना विचारावे.