एकाच पातेऱ्यात

(सकाळ. काजूची बाग. पातेऱ्यावरून एक पांढरं कापड सरकतंय. वाळल्या पानांचा आवाज.)

हे कापड फ्लॅनेलचं आहे. एका कडेला काठी ओवलेली, काठीला दोरी. पातेऱ्यावरून, म्हणजे गळून पडलेल्या वाळल्या पानांवरून, ते सावकाश ओढत न्यायचं. घाई केली तर काहीच हाती लागत नाही. दहा-बारा पावलं झाली की थांबायचं, कापड उलटं करायचं आणि वाकून बघायचं.

(अगदी जवळून: कापडावर एक ठिपका.)

तिळाएवढा हा ठिपका. बघा, चालतोय. ही गोचीड आहे. हिच्या चाव्यातून माकडांना आणि माणसांना माकडताप होतो, विषाणूचा ताप. पूर्ण वाढलेली नाही, मधल्या अवस्थेतली. पायाला चिकटली तरी माणसाला पत्ता लागत नाही.

कापडावर तीन डोकी वाकलीत. दोरी ओढणाऱ्या बाई प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकारी. काठी सांभाळणारे वनरक्षक. चिमट्याने ठिपका उचलून बाटलीत सोडणारे पशुधन पर्यवेक्षक. तिघं एकाच तालुक्यात नोकरी करतात, पण एकत्र रानात उतरायची ही तिघांची पहिलीच वेळ.

(तिळारीचं खोरं, वरून. धुकं. काजूला मोहर.)

सिंधुदुर्ग जिल्हा, दोडामार्ग तालुका. डिसेंबर. आणखी दोन महिन्यांनी या बागा माणसांनी भरून जातील. बोंडं गळतील, बिया वेचायला घरंच्या घरं रानात येतील. सकाळी वाकलेली पाठ दुपारीच सरळ होते इथे. नेमक्या त्याच दिवसांत पातेऱ्यातल्या या लहान गोचिडींची संख्या सगळ्यांत जास्त असते. काजूचा हंगाम आणि माकडतापाचा हंगाम एकच.

(गावातली बाई, अंगणात. तिच्याच आवाजात.)

“माकड मेलला दिसला, पण सांगूचा कोणाक?”

दोन दिवसांचं हे प्रशिक्षण या एका प्रश्नासाठी आहे. मेलेलं माकड वनखात्याचं. गोचिडींनी भरलेली गाय पशुसंवर्धनवाल्यांची. तापाने फणफणलेला माणूस दवाखान्याचा. आणि गोचीड? ती हिवताप विभागातल्या कीटक समाहारकाची, म्हणजे कीटक गोळा करून ओळखणाऱ्याची. आजार एक, आणि त्याचे तुकडे चार टेबलांवर.

(जुनी छायाचित्रं. नकाशा: शिमोगा.)

गोष्ट जुनी आहे, आणि ती नीट सांगायला हवी. १९५७ साली कर्नाटकात, तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूरच्या जंगलात माकडं मरून पडू लागली. पाठोपाठ आसपासच्या गावांत माणसं तापाने आजारी पडली. बातमी पुण्याला पोचली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि रॉकफेलर फाउंडेशन यांनी १९५२ साली पुण्यात विषाणू संशोधन केंद्र उभं केलं होतं. आज तीच राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्था. पहिली भीती पीतज्वराची, म्हणजे यलो फीवरची होती, कारण दक्षिण अमेरिकेत तो आला की आधी माकडंच मरतात, आणि आशियात तो कधी शिरला नव्हता.

पीतज्वर नव्हता. विषाणू नवा निघाला, आणि त्याचे जवळचे नातेवाईक सापडले थेट रशियात, तिथल्या गोचिडींतून पसरणाऱ्या मेंदूज्वराच्या विषाणूंत. मग इतक्या लांबून तो इथे आला कसा? शंका घेतली गेली स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांवर. पक्ष्यांच्या अंगावर बसून गोचिडी तर येत नसतील?

(पक्ष्याच्या पायात कडी घालणारे हात.)

या शंकेतूनच १९५९ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने पक्ष्यांच्या स्थलांतराचा मोठा अभ्यास सुरू केला. त्यामागे होते डॉ. सलीम अली. पक्षी जाळ्यात धरायचे, पायात कडी घालायची, अंगावरच्या गोचिडी तपासायच्या आणि सोडून द्यायचं. एका तापाचा माग काढायला डॉक्टर, कीटकशास्त्रज्ञ आणि पक्षीतज्ज्ञ एका कामाला लागले होते. माणूस, जनावरं आणि रान यांचं आरोग्य एकत्र बघायचं, याला आज ‘वन हेल्थ’ म्हणतात. हा शब्द तेव्हा कुणाच्या तोंडी नव्हता. काम मात्र तेच होतं.

मग ही माणसं पुन्हा वेगवेगळ्या इमारतींत कशी गेली, हे या चित्रफितीत मावणार नाही.

(नकाशावर एकेक ठिपका उमटतो.)

कित्येक वर्षं हा आजार शिमोग्याच्या आसपासच राहिला. २०१२ साली तो बंदीपूरच्या व्याघ्र प्रकल्पात दिसला. तिथे आजारी पडले ते मेलेली माकडं हाताळणारे वनखात्याचे लोक. २०१५ साली गोव्यात, सत्तरी तालुक्यातल्या पाली गावात, काजूच्या बागांत राबणाऱ्यांना तो झाला. २०१६ साली दोडामार्ग. २०१७ साली बांदा. सह्याद्रीच्या कडेकडेने तो वर सरकला.

(प्रशिक्षणाचा दुसरा भाग. गोठा. गाय कान हलवते.)

आता गोठ्यात चला. पर्यवेक्षकांनी गाईचा कान उलटा धरलाय. डॉक्टरबाईंनी याआधी गाईच्या कानात कधी डोकावलं नव्हतं. त्यांनीच ते सांगितलं.

कानाच्या आत, शेपटीच्या बुडाशी, कासेच्या बाजूला. फुगलेल्या, करड्या, मुगाच्या दाण्याएवढ्या. या पूर्ण वाढलेल्या गोचिडी. गाईला माकडताप होत नाही. ती खाते, पिते, दूध देते. पण रानात चरून आली की गोचिडींना तिचं रक्त मिळतं, मादी पोट भरून खाली गळते आणि पातेऱ्यात हजारांनी अंडी घालते. जिथे जंगल तोडून बाग झाली आणि बागेत गुरं शिरली, तिथे गोचिडींचं फावलं. रानाचं काय झालं, हे गाईच्या कानात असं दिसतं.

आणि तोच पातेरा बायका हाऱ्यात भरून गोठ्यात अंथरायला आणतात. रान आणि घर यांच्यात अंतर राहतच नाही.

(शाळेचं मैदान. मधोमध काहीतरी पडलंय.)

हे माकड नाही. भाताच्या पेंढ्याने भरलेलं गोणपाट आहे. दोन हात, दोन पाय, सुतळीची शेपटी. काल संध्याकाळी वनमजुरांनी शिवलं. खरं मेलेलं माकड आम्हाला दाखवायचंही नव्हतं.

मेलेलं माकड दिसलं की पहिला नियम: हात लावायचा नाही. काठीने ढोसायचं नाही, पाय धरून ओढायचं नाही. माकड थंड पडू लागलं की त्याच्या अंगावरच्या गोचिडी उतरतात आणि जवळ जे ऊबदार सापडेल त्याच्याकडे निघतात. वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे वनखात्याला वगळून पुढचं काही करताही येत नाही. जागेची खूण करायची, लोकांना लांब ठेवायचं आणि फोन करायचा. पशुवैद्यकाने संरक्षक पोशाखात नमुने घ्यायचे. मग जागच्या जागी दहन. आणि भोवताली मॅलॅथिऑनची, म्हणजे गोचिडी मारणाऱ्या औषधाची, भुकटी.

(पोशाख चढवताना वनरक्षक. गॉगलवर वाफ धरलीय.)

पोशाख चढवणं सोपं. उतरवणं अवघड. म्हणून प्रशिक्षकांनी एक साधी गोष्ट केलीय. सगळ्यांच्या हातमोज्यांना कुंकवाचं पाणी फासलंय. हे लाल म्हणजे विषाणू. आता उतरवा. आधी हातमोजे, मग अंगातला सूट आतली बाजू बाहेर घेत गुंडाळत खाली, मग गॉगल, मास्क सगळ्यांत शेवटी. प्रत्येक टप्प्यानंतर हात स्वच्छ.

(मनगटावर लाल डाग.)

या डॉक्टर. पुन्हा करा.

(मानेवर लाल डाग.)

हे पशुवैद्यक. पुन्हा.

वनरक्षकांना चार वेळा करावं लागलं. चौथ्या वेळी कुठेच लाल नाही. कॅमेरा तिथे होता, आणि त्यांचा चेहरा तुम्हीच बघा.

इथे एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. अशी प्रशिक्षणं बहुतेक वेळा अधिकाऱ्यांसाठी होतात, जिल्ह्याच्या सभागृहात, पडद्यावर चित्रं दाखवून. पण मेलेलं माकड आधी अधिकाऱ्याला दिसत नाही. ते वनमजुराला दिसतं, गुराख्याला दिसतं, आणि गावात ताप आलाय हे सगळ्यांत आधी आशाताईंना कळतं. या मैदानावर त्या सगळ्या माणसांना बोलावलंय, आणि साहेबांच्या शेजारच्याच खुर्चीवर बसवलंय. असंच व्हायला हवं.

(भिंतीवर फलक: ‘वन हेल्थ’. वनमजूर बोट ठेवून वाचतात.)

फलकावर ‘वन हेल्थ’ लिहिलंय. वन म्हणजे एक, असं प्रशिक्षकांनी समजावलं. एका वनमजुराने मात्र ते आधीच वाचलं होतं: वन, म्हणजे रान. रानाचं आरोग्य. कुणीही दुरुस्त केलं नाही.

(रांगोळीने काढलेला गावाचा नकाशा. भोवती माणसं उकिडवी बसलेली.)

हे सरावासाठी रचलेलं गाव. ओहोळ, वाड्या, देवराई, काजूच्या बागा. तीन गट, तीन लिफाफे. वनखात्याच्या लिफाफ्यात मेलेल्या माकडांच्या जागा आणि तारखा. त्यांनी नकाशावर दगड ठेवायचे. आरोग्याच्या लिफाफ्यात तापाचे रुग्ण. त्यांनी काजूबिया ठेवायच्या. पशुसंवर्धनाच्या लिफाफ्यात गुरं कुठे चरतात. त्यांनी गवताच्या काड्या. एकमेकांशी बोलायचं नाही.

आधी दगड ठेवले जातात. नुसते दगड बघून काही कळत नाही. मग काड्या. मग बिया.

(वरून: दगड, काड्या आणि बिया एकाच बागेभोवती.)

सगळे गप्प झालेत. पहिला दगड ३ तारखेचा. पहिली बी १६ तारखेची. मधले १३ दिवस गाव बिया वेचत होतं. गोचीड चावल्यापासून साधारण ३ ते ८ दिवसांत ताप येतो, म्हणजे १६ तारखेच्या रुग्णाला ती चावली तेव्हा माकड मरून पाच दिवस तरी होऊन गेले होते. भुकटी मारता आली असती. बाग काही दिवस बंद ठेवता आली असती. पायांना तेल लावायला सांगता आलं असतं.

डॉक्टरबाई उठून केसपेपरचं कोरं पान घेतात. एकाएकी भरलेला ताप, डोकेदुखी, कंबरदुखी, लाल डोळे. डेंगी वाटेल, लेप्टोस्पायरोसिस वाटेल. खाली त्या दोन ओळी हाताने लिहितात: “रानात गेला होता का? मेलेलं माकड दिसलं का?” हे दोन प्रश्न विचारले तरच रक्ताचा नमुना वेळेत माकडतापाच्या तपासणीला जातो. या तापावर थेट औषध नाही, जुनी लस पुरेशी ठरली नाही, नव्या लशीवर काम चालू आहे, आणि शंभरातले तीन ते पाच रुग्ण दगावतात.

(नागपूर. रस्ता, पाटी.)

वरच्या पातळीवरही हालचाल आहे. डिसेंबर २०२२ मध्ये नागपुरात राष्ट्रीय वन हेल्थ संस्थेची पायाभरणी झाली. जागतिक स्तरावर माणसांचं आरोग्य, जनावरांचं आरोग्य, शेती आणि पर्यावरण पाहणाऱ्या चार संघटना आता या विषयात एकत्र काम करतात. चांगलंच आहे. पण तिळारीच्या खोऱ्यात हंगाम डिसेंबरात सुरू होतो आणि मे महिन्यापर्यंत चालतो. बदल्या होतात, नवीन माणसं येतात. म्हणून हे मैदान, हे गोणपाट आणि ही रांगोळी दर डिसेंबरात लागणार.

(पुन्हा बाग. बाटली, चिठ्ठी.)

सकाळच्या गोचिडी बाटलीत आहेत. चिठ्ठी लिहायची आहे. जागा आणि तारीख वनरक्षक लिहितात, कारण रानाच्या त्या तुकड्याचा कंपार्टमेंट नंबर त्यांनाच पाठ आहे. जात आणि अवस्था कीटक समाहारक. जवळ चरणाऱ्या गुरांची नोंद पर्यवेक्षक. खाली डॉक्टरांची सही. एवढ्याशा चिठ्ठीवर चौघांची चार अक्षरं दाटीवाटीने बसलीत. चिठ्ठीच्या मागच्या बाजूला चौघांचे फोन नंबर, आणि तेच नंबर आता ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगवून होतायत.

(भिंत. ओला रंग. अंगणातली तीच बाई नंबर वाचते, मग पुन्हा वाचते.)

(दुपार. आशाताई बाटलीतून बाईच्या तळहातावर तेल ओततात.)

हे डीएमपी तेल, गोचिडींना अंगापासून लांब ठेवणारं. घोट्यापासून गुडघ्यापर्यंत, आणि हातांना कोपरापर्यंत. रानातून आल्यावर गरम पाण्याने आंघोळ, कपडे लगेच धुवायचे, अंग तपासायचं. गोचीड दिसली तर चिमट्याने कातडीला टेकून धरायची आणि सरळ ओढायची. रॉकेल नको, काडी लावणं नको.

बाई पाय चोळतात. हारा उचलून डोक्यावर घेतात आणि पायवाटेला लागतात.

(संगीत नको. पातेऱ्यावरच्या पावलांचा आवाज, लांब जाईपर्यंत.)